खालचा गड

दोन रात्री, एक लहान गाडी, दोघी जणी आणि त्यांतल्या एकीचा उजवा गुडघा. एवढ्या भांडवलावर डोंगर-किल्ल्यांचा प्रवास आखायचा होता. संपादकांनी यंदाचा विषय कळवला 'दोघींचा प्रवास', आणि जोडीला विचारलं, आई-मुलीने मिळून किल्ले बघायचे ठरवले तर आपल्याकडे ते जमतं का, हे प्रत्यक्ष जाऊन बघाल का? आई पेणचीच. तिने प्राथमिक शाळेत नोकरी केली, चौथीच्या वर्गाला 'शिवछत्रपती' शिकवण्यात तिची किती वर्षं गेली. रायगड मात्र तिने पाहिला तो शाळेच्या सहलीबरोबर, मुलांची डोकी मोजत. महाराजांच्या सिंहासनाची जागा कुठे होती हे ती डोळे मिटून सांगेल, पण तिथे उभं राहून इकडेतिकडे बघायला तिला कधी उसंत मिळाली नव्हती.

आमच्या ओळखीतल्या आई-लेकी अलीकडे आल्प्समध्ये जाऊन येतात. परत आल्यावर फोटो दाखवतात: बर्फ, तळी, आणि बव्हेरियातला नॉयश्वानश्टाइनचा तो पांढरा, टोकदार बुरुजांचा राजवाडा. राजा लुडविग दुसरा याने १८६९ साली तो बांधायला घेतला. त्या राजवाड्याने लढाई कधी पाहिली नाही. १८८६ साली राजा गेला आणि काही आठवड्यांतच तो तिकीट लावून लोकांना खुला झाला. म्हणजे पाहुण्यांसाठी तो जवळजवळ दीडशे वर्षं सज्ज आहे. खालच्या गावातून चालत जा, घोडागाडीने जा, नाहीतर बसने. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर १९१२ पासून रेल्वे जाते. ज्यांना चढवत नाही त्यांनीही डोंगर बघावा, हे त्या मुलखाने फार आधी ठरवून टाकलं.

आपल्याकडे किल्ला म्हटलं की पाठीवर पिशवी, पहाटेचा चढ आणि विशीतले पाय. वाटांची वर्णनंही त्याच पायांनी लिहिलेली असतात. 'सोपी वाट, तासाभरात माथा' हे कुणाच्या तासाने, ते कुणी सांगत नाही.

निघण्याआधी आईने एकच अट घातली. "मला वर ओढत नेऊ नकोस. पण खाली गाडीत बसवूनही ठेवू नकोस." पुढची सगळी आखणी या दोन वाक्यांवर झाली.

आधी वेळ, मग नकाशा

नकाशा उघडण्याआधी महिना ठरवला. पावसाळा आम्ही विचारातच घेतला नाही. हिरवे डोंगर आणि धबधबे याच दिवसांत दिसतात हे खरं, पण जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरची इरशाळवाडी दरडीखाली गेली, ते याच डोंगरांत. ज्या उतारांवर माणसं गाडली गेली तिथे पावसाच्या मौजेसाठी गाडी घालायची माझी तयारी नाही. रायगडावर जून महिना राज्याभिषेकाचा. सहा जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या दोन्ही दिवशी गडावर पाय ठेवायला जागा नसते. तो सोहळा ज्यांना अनुभवायचा आहे त्यांनी जरूर अनुभवावा. थांबत थांबत चालणाऱ्या बाईला तो दिवस झेपणार नाही. एप्रिल-मे मध्ये कातळ तापतो. उरली थंडी. जानेवारीत उजाडता उजाडता निघावं, दुपारचं ऊन सावलीत काढावं, आणि अंधाराच्या आत मुक्कामाला पोचावं.

अंधाराचं महत्त्व मुंबई-गोवा महामार्गामुळे. पनवेल ते इंदापूर या पट्ट्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतर पेण-वडखळ-नागोठण्याच्या लोकांनी खड्डे, वळसे आणि धूळ यांत एक अख्खी पिढी वाढवली. कुठे नवं काँक्रीट, कुठे जुना रस्ता, मध्येच पुलाखालून वळण. वडखळ नाक्यावर अलिबागचा रस्ता फुटतो, डोलवीच्या पोलाद कारखान्याचे अवजड ट्रक तिथेच वळतात. दिवसा तिथून जायला फक्त धीर लागतो. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि रस्त्याचा दुभाजक कुठे संपला ते कळत नाही. म्हणून सूर्यास्तानंतर महामार्गावर राहायचं नाही, हा नियम आधी लिहिला आणि त्याप्रमाणे मुक्काम शोधले.

दुसरा नियम स्वच्छतागृहांचा. याबद्दल कुठल्याच प्रवासवर्णनात वाचायला मिळत नाही, आणि दोन बायका घराबाहेर पडल्या की पहिला प्रश्न तोच असतो. महामार्गावर हॉटेलं आणि पेट्रोलपंप आहेत. पेण, रोहा, माणगाव, महाड इथे एस. टी. स्थानकं आहेत. एकदा महामार्ग सोडून आत वळलं की पुढचा भरवसा नाही. असंख्य बायका यावर एकच उपाय करतात, दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. नकाशावर मी किल्ल्यांच्या खुणा केल्या त्याआधी या थांब्यांच्या केल्या. त्यांच्यात दोन तासांहून जास्त अंतर पडेल तो रस्ता गाळला. अशाने काही चांगले किल्ले हुकले, पण आई पाणी पीत होती.

जंजिरा मागे पडला तो मात्र गुडघ्याच्या हिशेबात. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जायचं, हलत्या होडीतून दरवाज्याच्या पायरीवर पाय टाकायचा, आणि ठरलेल्या वेळात परत होडीशी यायचं. पोरासोरांना ती गंमत; दुखऱ्या गुडघ्याला ते एका पायरीचं अंतर फार मोठं.

भिसे खिंडीतून रोह्याला

नागोठण्याला महामार्ग सोडला आणि भिसे खिंडीच्या रस्त्याने रोह्याकडे निघालो. खिंडीचा घाट छोटा, पण झाडी दाट, आणि महामार्गाची धूळ दोन वळणांत मागे पडते. पलीकडे उतरलं की कुंडलिकेचं खोरं लागतं. रोह्याजवळच्या डोंगरावर अवचितगड आहे. मेढे आणि पिंगळसई या गावांतून त्याच्या वाटा जातात. वर द्वादशकोनी तलाव आहे, तोफा आहेत, आणि सगळ्यावर जंगल आहे. वाट त्या जंगलातूनच चढते. आम्ही पायथ्याच्या गावातच थांबलो.

थांबल्यावर कळलं की पायथ्याला बघण्यासारखं खूप असतं, फक्त ते बघायला कुणी थांबत नाही. गडाची वाट कुठून निघते आणि तिच्या तोंडाशी घरं कुणाची, विहीर कुठे, देऊळ कुठल्या अंगाला, गुरं कुठपर्यंत चढतात, हे सगळं गडाच्याच कारभाराचं उरलेलं रूप आहे. डोंगरी किल्ल्याभोवतीच्या मुलखाला घेरा म्हणत. खांबजवळ सुरगडाच्या पायथ्याचं गाव आजही घेरा सुरगड या नावानेच ओळखलं जातं. वरच्या शिबंदीला लागणारं धान्य, लाकूड, चारा, दूध हे या घेऱ्यातून चढायचं. वाटेवरचा पहिला पहारा घेऱ्यातलीच माणसं करायची. गडावर अन्न पिकत नाही. पाणी तेवढं वर असावं लागतं, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहण्यावर भर आहे तो त्यासाठीच. खडक फोडून टाकी खोदायची, निघालेला दगड तटाला लावायचा, आणि एका कष्टात पाणी आणि भिंत दोन्ही साधायचं. बाकी सगळं खालून यायचं. माथा खालच्या गावांच्या जिवावर उभा असायचा.

आईला हे फार पटलं. तिने शिकवलेल्या पुस्तकात किल्ले घेतले जात, दिले जात, परत घेतले जात. तिथे धान्य कुणी नेलं हे त्यात नव्हतं.

रोहा गावाबद्दल थोडंसं. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म इथला, १९२० चा. कोकण रेल्वेची सुरुवात इथून होते. आणि ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या उत्सवात निघते तेव्हा पोलीस तिला सलामी देतात. गावातून वाहणारी कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीवरून नळांतून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि वीज करून झाल्यावर नदीत सुटतं. कोलाडला सकाळच्या वेळी त्या पाण्यावर रबरी तराफे चालतात. तराफ्यातली मुलं आनंदाने ओरडत असतात. त्याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. आई पुलावर उभी राहून ते पाणी बघत होती, आणि मला हे सांगत होती.

रात्री पोपटी होती. भात कापून झाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात शेंगा, बटाटे, अंडी, कुणी कोंबडी भरतं, तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडकं उलटं ठेवतं आणि भोवती जाळ करतं. पाण्याचा थेंब घालायचा नसतो. थंडीत निघण्याचं हे एक निराळं कारण पुरेसं आहे.

पदुमणिकेचं टाकं

रोह्याहून दक्षिणेला घोसाळे. गावामागे घोसाळगड, शाळुंकेवर पिंड ठेवावी तसा. चढ फार नाही, तरी आई निम्म्या वाटेवर एका सावलीत थांबली आणि मी पुढे जाऊन आले. एवढ्याशा टेकडीचं महत्त्व मला कधी कळलं नव्हतं. पुरंदरच्या तहात १६६५ साली तेवीस किल्ले मोगलांकडे गेले आणि बारा महाराजांकडे राहिले. त्या बारांत रायगडाबरोबर हा घोसाळगडही होता. वरून बघितलं की कारण दिसतं. एका बाजूला खाडीकडे जाणाऱ्या दऱ्या, दुसऱ्या बाजूला रोह्याचं खोरं. जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवायची तर ही जागा हातची जाऊन चालणार नव्हती.

तिथून तळा आणि पुढे मांदाडच्या अंगाला कुड्याची लेणी. किल्ल्यांच्या प्रवासात लेणी कशाला, असं मला आधी वाटलं होतं. आईच्या पायांना झेपेल असा चढ, सावली आणि बसायला दगडी बाक, एवढ्याच कारणांनी ती यादीत आली. आता वाटतं, या प्रवासातलं सर्वांत मोठं ठिकाण तेच होतं.

राजपुरीच्या खाडीवर तोंड करून सव्वीस लेणी कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून पुढची दोन-तीन शतकं इथे छिन्नी चालली. खाडीतून गलबतं यायची, माल घाटावर जायचा, आणि त्या वाटेवर भिक्षूंसाठी ही वस्ती. इथला स्थानिक सत्ताधारी महाभोज म्हणवून घेई. त्याच्या घराण्यातल्या बायकांची, त्याच्या लेखकाची, माळ्याची, व्यापाऱ्यांची दानं भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत नोंदलेली आहेत. एका ब्राह्मण उपासकाची बायको भायिला हिने चैत्यगृह दिलं. आणि एका लेखात पदुमणिका नावाची प्रव्रजिता, म्हणजे संन्यास घेतलेली बाई, आहे. तिने एक लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. दान देताना तिने आपली ओळख सांगितली ती आईच्या नावाने: प्रव्रजिता नागणिकेची मुलगी. पुढे मामांची नावं, ती माणसंही स्थविर. सोबत तिच्या शिष्या बोधी आणि आसाढमिता. वडिलांचं नाव त्यात नाही.

मी हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दोघी इथे राहत असतील?" ते लेखावरून सांगता येत नाही. पण एक आई, तिची मुलगी, मुलीच्या दोन शिष्या अशी बायकांची एक परंपरा या खाडीकाठी होती, आणि त्यांतल्या एकीला खडकात टाकं खोदवून देण्याएवढं बळ होतं. अशा टाक्यात दोन हजार वर्षांनीही पाणी साठतं.

तळ्यातून बाहेर पडून इंदापूरला महामार्ग गाठला. डोंगराआड फोनची रेंज जाते, म्हणून रस्ता आधीच कागदावर लिहून ठेवला होता. त्याचा उपयोग झाला.

पाचाड

माणगावहून निजामपूरमार्गे पाचाडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. रायगडाला जाणारी बहुतेक माणसं पाचाड गाडीच्या काचेतून बघतात. आमचा मुक्काम पायथ्यालाच होता, त्यामुळे घाई नव्हती.

जिजाबाईंना गडावरची हवा, तिथला गार वारा सोसेना म्हणून त्यांच्यासाठी इथे वाडा बांधला असं सांगतात. वाड्याची तटबंदी, जोती आणि विहिरी शिल्लक आहेत. त्यांतली एक तक्क्याची विहीर: काठावर बसायला दगडी बैठक आणि पाठीला टेकायला दगडाचाच तक्क्या. आई तिथे बसली. म्हाताऱ्या माणसाला टेकायला काय लागतं ते विहीर बांधणाऱ्याने ओळखलं होतं, हे ती मला हाताने दाखवत होती.

६ जून १६७४ ला वर राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाबाई पाचाडात वारल्या. अकरा दिवस. समाधी इथेच आहे. पुस्तकात या दोन तारखा शेजारी शेजारी असतात, तरी त्या दोन जागांमधलं अंतर पाचाडात उभं राहिल्यावर कळतं: मान वर करून बघावं लागतं. सत्तरी ओलांडलेली आई खाली आणि मुलाचं राज्य वर. रोजची ये-जा तिला जमली नसणार. तरी ती गाडीत बसवून ठेवलेली बाई नव्हती. तिच्याभोवती वाडा होता, विहिरी होत्या, माणसांचा राबता होता. खालून गड चालवण्याची जी गोष्ट आम्ही अवचितगडाच्या पायथ्याशी समजून घेत होतो तिचं सर्वांत मोठं उदाहरण इथे होतं.

हिरकणीची गोष्टही मला आता तशीच दिसते. आपण तिला आईच्या धाडसाची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण ती बाई गडावर कशाला आली होती? दूध घालायला. खालची बाई, वरचं गिऱ्हाईक, आणि सूर्यास्ताला बंद होणारा दरवाजा. आजही ताक, लिंबूपाणी, पिठलं-भाकरी विकणाऱ्या बायका पायथ्याच्या वाड्यांतून गडावर येतात. त्यांतल्या एकीशी बोलले. तिचा दिवस पहाटे दही घुसळण्यापासून सुरू होतो, माल डोक्यावर चढतो, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक थांबलं की कमाईही थांबते.

मेणा दरवाजा

पायऱ्यांची वाट हजाराहून अधिक पायऱ्यांची, आणि गुडघ्याचा खरा छळ चढताना नसतो, उतरताना असतो. तेव्हा हिरकणीवाडीचा रोपवे. तो १९९६ पासून चालू आहे, आणि रायगड जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर नेणारा एवढा एकच. चार-पाच मिनिटांत पाळणा वर पोचतो. सुट्टीच्या दिवशी त्याच पाच मिनिटांसाठी काही तास रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून आठवड्याच्या मधला वार निवडला होता.

रोपवेवर नाराज असलेली माणसं मला माहीत आहेत. महादरवाजा चुकतो, घाम न गाळता गड मिळतो, अशी त्यांची तक्रार. महादरवाजा चुकतो हे खरंच आहे, आणि ज्यांना जमतं त्यांनी तो चुकवू नये: दोन बुरुजांच्या कवेत लपलेला दरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही, ती युक्ती पायीच कळते. पण रोपवेची माणसं जिथून आत शिरतात तो मेणा दरवाजा आहे, आणि त्याला लागून राणीवसा. म्हणजे मेण्यातून ये-जा करणाऱ्या बायकांचं हे दार. चढू न शकणारी आई आज त्याच दाराने आत येते यात मला काहीच उणं वाटत नाही.

राणीवशाची दालनं ओळीने आहेत, छप्पर गेलेलं, जोती आणि भिंती राहिलेल्या. दालनांना लागून शौचकूपांच्या जागा आणि सांडपाणी वाहून न्यायची सोय दिसते. दोन दिवस थांबे मोजत आलेल्या आम्ही दोघी तिथे बराच वेळ रेंगाळलो. डोंगराच्या माथ्यावर, सतराव्या शतकात, बायकांच्या या गरजेचा विचार बांधकामातच केलेला होता. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर आहे. माझा नमस्कार त्यांना या दालनांसाठीही.

पुढे राजसभा. शाळेच्या मुलांची एक सहल आली होती, त्यांच्या बाई डोकी मोजत होत्या. आईने त्यांच्याकडून काही मुलं मागून घेतली आणि नगारखान्याच्या दारात बोललेलं सिंहासनाच्या जागेपाशी कसं ऐकू येतं ते त्यांना करून दाखवलं. बाई मग जरा वेळ सावलीत बसल्या.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. रायगड त्यांत आहे, या जिल्ह्यातला खांदेरीही आहे. त्यामुळे पाहुणे वाढणार, बाहेरून येणार, आणि त्यांत चढू न शकणारी माणसं मोठ्या संख्येने असणार. प्रत्येक गडाला पाळणा लावा असं मी म्हणणार नाही. अवचितगडाचं जंगल आहे तसंच राहिलं पाहिजे. पण पायथ्याच्या गावात एक स्वच्छ शौचालय, बसायला बाक, पिण्याचं पाणी, गडाचा माथा आणि वाट दाखवणारा फलक, आणि घेऱ्याची गोष्ट सांगू शकणारी गावातली एखादी मुलगी, एवढं करायला डोंगर फोडावा लागत नाही. त्या मुलीला रोजगार मिळेल, आणि निम्म्या कुटुंबाला गाडीत बसून राहावं लागणार नाही.

पालीवरून परत

परतीला वाकण फाट्यावरून पालीला वळलो. बल्लाळेश्वराच्या मागे सरसगडाचा कडा उभा आहे. त्याच्या खडकात खोदलेल्या पायऱ्या इतक्या उंच की दर पायरीला मांडी छातीशी येते. तो गड आम्ही देवळाच्या आवारातून बघितला. मग उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो, आणि प्रवासभर ज्याच्या मर्जीने चाललो त्या गुडघ्याला तिथे मनसोक्त शेक मिळाला. किल्ल्यांच्या वर्णनात उन्हेरे येत नाही. दुखऱ्या पायांचा प्रवास आखणाऱ्यांनी ते शेवटच्या दिवशी ठेवावं.

घरी आल्यावर आईनेच पुढचा किल्ला काढला, अलिबागचा कुलाबा. तो भर समुद्रात, पण ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. चढ नाहीच. फक्त समुद्राची वेळ सांभाळायची. तिने कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं आणि कोळ्यांचा हिशेब मांडला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. अष्टमीला भांग, पाणी धड ओसरत नाही, ती नको. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पण ओहोटी पार संध्याकाळी. तृतीयेला भरती सव्वादोनची, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला वाळू उघडी. साडेसहाला पेण सोडलं तर वडखळचे ट्रक लागायच्या आत आपण पुढे.

"फक्त ती तृतीया रविवारी येत नाही ना, तेवढं बघ," ती म्हणाली. "रविवारी अलिबागला गाडी लावायला जागा मिळत नाही."